दोनदा वाजलं म्हंजी बरा

—न्हाई न्हाई, मूठ नगं आवळू. सैल सोड हात, पार सैल, झोपलेल्या लेकराचा असतोय न्हवं, तसा. तू आवळलास की अंगठ्याच्या बुडाचं हाड वर येतंय आन बांगडी तितंच अडती. हां, अंगठा आत दुमड. आन बांगडीकडं बघू नगंस, तिकडं बघ, रस्त्याकडं. पुन्यात म्हनं हाताला प्लास्टिकची पिशवी घालून भरत्यात — खरं का गं? हसतीस काय! आमच्या मनेराच्या घरात पिशवी घातली तर आमचा बा कबरीतनं उठून यील. साबनाचं पानी आन भरनाऱ्याचा हात, दुसरं काय लागत न्हाई. परवा लगीन, आन नवरी एकटी स्कुटीवर बसून बांगड्या भराय दुकानात! अगं, मनेरानं नवरीच्या घरी जायाचं असतंय. मांडवात चटई टाकायची, नवरीला म्होरं घ्यायचं, मग करवल्या, मग आत्या-मावश्या, पार शेजारच्या म्हाताऱ्यापत्तूर समद्या हात म्होरं करून बसायच्या. तुझी आई रागावली आसंल माझ्यावर. आसनारच. चारदा निरोप धाडला तिनं, चारदा मी न्हाई म्हनले. गुडघं दुखत्यात म्हनून सांगितलं. खोटं न्हाई त्ये, दुखत्यात की — पर म्हनून काय मी दुकान सोडत न्हाई असं न्हाई. ही बघ, चढली पैली. कळलं तरी का?

आल्या आल्या तू त्येच इचारलंस, आन आता परत इचारतीस. याकूबमामा कुटाय, याकूबमामा कुटाय. अगं, सांगितलं न्हवं, सांगलीला गेलाय म्हनून. माल आनाय. कवा येतोय त्येचा नेम न्हाई. आन मी काय वाईट भरती का? बावन्न वर्साची झाले, रहिमतपुरातल्या निम्म्या सुनांचं हात ह्या हातातनं गेल्यात. माझा भाऊ माझ्यापरीस आठ वर्सानं ल्हान, त्येला मीच शिकवलंय — थांब हां जरा, एक मिनिट.

दचकलीस व्हय? काय न्हाई गं, भितीवर काठी टेकवली नुसती. सवय हाय मला ती. आतनं? आतनं कुटं काय वाजलं? दोनदा? उंदीर आसंल. पत्र्याच्या पेट्या हायत आत, त्यावर नाचत्यात मेले. दे हात. ही दुसरी. ... असं बघू नगंस माझ्याकडं. उंदीर मोजून दोनदाच कसा वाजवील, आसंच म्हनतीस न्हवं? हुशार हायस. आईवर गेलीस.

बरं, हाय. आतच हाय त्यो. पडद्याच्या पल्याड. सांगलीला-बिंगलीला कुनी गेलं न्हाई. पर तुझ्या बांगड्या त्यो भरनार न्हाई, आन त्येला हाका मारू नगंस. रागावू नगंस पोरी, मी काय तुझी वैरी न्हाई.

हां, म्हाइत हाय मला, सोनमच्या लग्नात बघितलंस तू त्येला. तुझी चुलत बहीन ती, खंडाळ्याला दिली, लगीनबी तितंच झालं. तीन वर्सं झाली. मगाशी तूच म्हनलीस — मावशी, चाळीस बायकांचं हात भरलं मामानं, एक बांगडी वाढली न्हाई, तवाच मी ठरवलं, माझं हातबी ह्येच भरनार. 'वाढली' म्हनलीस, 'फुटली' म्हनाली न्हाईस, त्येवढं मला लय बरं वाटलं. आजकालच्या पोरी फुटली म्हनत्यात. व्हय, एक वाढली न्हाई त्या दिशी. खरं हाय. ... त्या दिवसाचं नाव काडू नगंस माझ्यापाशी.

तिसरी. दुखलं का? न्हाई न्हवं. ह्यो माझा हात बघ, मनगटाच्या खाली, ह्यो वण. आन ह्यो दुसरा. ह्ये याकूबचं. धा वर्साचा हुता, बांगडी भराय शिकत हुता, आन शिकायचं कुनाच्या हातावर? गिऱ्हाइकाच्या हातावर कोन शिकू दील? मग आपाच्या. मला आपा म्हनतोय त्यो. मी हात म्होरं करायची आन त्यो बांगडी चढवायचा, काच घुसली की माझ्याआधी ह्योच रडायचा. आई म्हनायची, अख्तर, तुझ्या हाताची चाळन झाली गं. होऊ दे म्हनायची मी. आन शिकला कसा! त्येच्या हातात हात दिला की बाईला झोप लागायची, खोटं सांगत न्हाई. हरणाबाई म्हनून धनगराची म्हातारी यायची वरच्या वाडीवरनं, तिचं हात म्हंजी नुसत्या गाठी, कुनाला भरता यायच्या न्हाईत. ती माझ्यापाशी बसायचीच न्हाई. 'मनेरमामा हाय का? मग बसते, न्हाईतर जाते.' बांगडी त्येच्या बोटांचं ऐकायची, बाकी कुनाचं न्हाई.

तर आसला त्यो. आन एक दिवस, पस्तिशी गाठली नसंल, सकाळी च्या घेता घेता मला म्हनाला, आपा, पेटीतल्या बांगड्या वाजत्यात. मी म्हनले गाडी गेली आसंल रस्त्यानं. म्हनला, न्हाई, कुनीतरी आतनं हात हालवतंय. मी हसले. अगं, हसले मी! म्हनले, मग झाकन उघड आन बाहेर काड तिला. आन त्यो उठला, समद्या पेट्या उघडल्या, एक-एक डबा, एक-एक जोड भुईवर मांडला, दुपार झाली, गिऱ्हाइक दारातनं परत गेलं, आन समद्याच्या मदी बसून म्हनला, आता गप बसल्यात, आपा, मी बघतोय म्हनून गप बसल्यात.

कारन काय? समदी हेच इचारत्यात. कुनी काय केलं, कुनाची नजर लागली, कुनी खाऊ घातलं. म्या तायीत केलं, दर्ग्यात चादर चढवली, शेजारच्या मनुबाईनं सांगितलं म्हनून तिच्या देवाचा अंगाराबी लावला, म्हनलं, कुनाचा का आसंना, भाऊ बरा होऊ दे. वरीस घालवलं त्यात. मग सांगलीचा डागदर. रेल्वेनं जायाचं, तितनं रिक्षा. म्हातारा मानूस हाय, हळू बोलतोय. त्येनं मला बसवून सांगितलं, बाई, कारन सोदू नका. कुनाला शुगर हुती, कुनाला दमा हुतो, तसंच मेंदूचं. गोळ्या घ्यायच्या, रोज, बरं वाटलं तरीबी घ्यायच्या. आन गड्यानं काय जादू केली म्हनावी! दीड म्हयन्यात याकूब हसाय लागला. बांगड्या गप झाल्या. रात्रीचा झोपाय लागला. चौथी — ही जरा नेट लावून घ्यावी लागंल, श्वास सोड... हां, झालं.

चांगली चार वर्सं गेली गं. चांगली म्हंजी, गोळ्यांनी एकच झालं, हात थरथराय लागलं त्येचं. लय न्हाई. च्याची बशी हातात धरली तर किनकिन वाजायची, त्येवढंच. तू म्हनशील त्येवढ्यानं काय हुतंय. शेतकऱ्याचा हात थरथरला तर काय हुतंय, मास्तरचा थरथरला तर काय? पर मनेराचा? काच हाय ही, पोरी. नवरीच्या हातात बांगडी वाढली तर नवरीची आई मनेराच्या तोंडाकडं कशी बघती त्ये तुला ठावं न्हाई. दोनदा झालं तसं. एका पोरीचं रगात आलं, थोडंच, हळद दाबली, पर मांडवात कुजबूज झाली. मग बायका माझ्याकडं सरकाय लागल्या. त्येच्या म्होरनं उठून. हरणाबाईसुद्दा. त्यो आपलं हात मांडीखाली घालून बसायचा.

थांब, परत एकदा टेकवते काठी. ... ऐकलंस? टक टक. बरा हाय. त्येनंच ठरवलंय ह्ये. मी सारखी इचारायची, याकूब हायेस न्हवं, याकूब काय करतूस, दर घटकंला. एक दिशी म्हनला, आपा, नाव घिऊ घिऊ माझा जीव दडपतोय. तू भितीवर काठी टेकव, मी पेटीवर वाजवीन. दोनदा वाजलं म्हंजी बरा हाय. एकदा वाजलं म्हंजी तू ये. आन न्हाईच वाजलं तर, त्ये आमी ठरवलं न्हाई. ना त्येनं इचारलं, ना मी. पाचवी.

काय सांगत हुते? हात. हां. तर त्या साली लग्नसराई लागली. आमचं वरीस त्या दोन म्हयन्यावर चालतंय. एका दिवशी दोन-दोन मांडव, आन मी एकटी कुटं कुटं पुरी पडनार? मग म्या काय केलं सांगू? गावात कुनाला सांगितलेलं न्हाई. तुला का सांगते देव जानं, तुझा हात माझ्या हातात हाय म्हनून आसंल, उठून जाता येत न्हाई तुला. म्या गोळ्या बंद केल्या. म्या. त्येनं न्हाई. मी म्हनले, याकूब, दोन म्हयनं नगं घिऊस, सराई झाली की परत चालू करू. चार वर्सं काय झालं न्हाई, दोन म्हयन्यात काय हुतंय? त्यो म्हनला, आपा, डागदरला इचारूया का? मी म्हनले, त्येला काय कळतंय आपल्या धंद्यातलं! आन त्येच्या हातातलं पाकीट काडून घेतलं, त्या तिकडच्या डब्यात टाकलं, रिकाम्या जोडांच्या खाली. म्हागनं, लय म्हागनं, मी डागदरला सांगितलं. त्यो रागावला न्हाई. रागावला असता तर बरं झालं असतं. नुसतं म्हनला, बाई, थरथरीवर दुसरी गोळी असती. इचारायचं हुतं. इचारायचं हुतं! एक रेल्वे, एक दिवस. एक दिवस दुकान बंद ठिवलं न्हाई मी.

हात सुधरला. आठ दिवसांत सुधरला, लोन्यावानी झाला, आन मी खूश! सहावी, सातवी. बघ, बोलता बोलता दोन चढल्या. तिसऱ्या आठवड्यात त्येची झोप गेली. चौथ्यात पेट्या वाजाय लागल्या. मला सांगितलं न्हाई त्येनं. सराई हाय, आपा दमती, म्हनून सांगितलं न्हाई. त्यापरीस दारू बरी वाटली त्येला. आमच्या घरात, पोरी, सात पिढ्यांत कुनी शिवलं न्हाई तिला. मला वास आला तवा म्या त्येच्या थोबाडात मारली, चाळिशीच्या मानसाला. त्यो गालाला हात लावून म्हनला, प्यालो की बांगड्या गप बसत्यात, आपा. नशा नगं मला, नुसतं गप बसू देत त्यास्नी. मग मी बाटली हिसकावली आन लपवली. फेकायची म्हनून लपवली. फेकली न्हाई. का फेकली न्हाई? तूच सांग.

आन मग तुझ्या सोनमचं लगीन. तू ज्या हाताचं कौतुक करतीस, त्यो हात. सकाळी उठला त्यो, आन हात असं — असं हालत हुतं, गोळीनं हालायचं त्येच्या धा पट. दोन दिस दारू मिळाली न्हवती म्हनून. घामानं अंगरखा वला. मला म्हनला, आपा, आज मला नगं नेऊस. डागदरकडं ने मला. सांगलीला ने. असं सरळ म्हनला बघ, पाया पडल्यावानी. आन बाहेर गाडी उभी, खंडाळ्याला पोचायचं, चाळीस बायका, शब्द दिलेला. मी आत गेले. बाटली काडली. खोकल्याच्या औषिदाचं झाकन घेतलं, मापानं, औषिद द्यावं तसं. दोन झाकनं. पाच येळची नमाजी मी. माझ्या ह्या हातानं. त्येच्या तोंडाला लावली. त्येनं घेतली न्हाई लगीच. माझ्याकडं बघितलं आन म्हनला, आपा, तू?

एवढंच म्हनला. मग घेतली.

आन तू बघितलंस पुढचं. एक बांगडी वाढली न्हाई. बायका म्हनत हुत्या काय हात हाय, काय हात हाय, सोनमच्या सासूनं सवता भरून घेतल्या, आन तू करवल्यांत बसून ठरवून टाकलंस. मी त्येच्या शेजारी बसून जोड काडून देत हुते आन मनात म्हनत हुते, बघ अख्तर, झालं का न्हाई. त्येला त्या दिशी काय कळलं ठावं हाय? की आपालाबी ह्योच याकूब पायजे. प्यालेला. हात न हालनारा. त्यानंतर त्यो लपून प्याला न्हाई कवा. माझ्या म्होरंच बसायचा. मी काय बोलू? कोनत्या तोंडानं बोलू?

आठवी. रडू नगंस गं, नवरीनं रडू नये, अजून दोन हायत ह्या हातात. दीड वरीस त्ये चाललं. मग एक दिवस भर दुपारी वाडीच्या विहिरीच्या काठावर सापडला, पाय आत सोडून बसलेला, हातात बांगड्यांचा हिरवा जोड. हरणाबाईच्या नातवानं हाक मारली म्हनून. न्हाईतर... तवा नेला सांगलीला. तवा नेला! चाळीस दिवस ठिवला. डागदर म्हनला, दारू अशी एकदम तोडली की झटकं येत्यात, म्हनून हितंच सोडवायची, आन गोळ्या परत चालू. आता वरीस होत आलं. थेंब न्हाई. गोळी मी माझ्या हातानं देते, जीभ वर करून बघते, त्योबी दावतो, लेकरावानी. हात थरथरत्यात. थरथरू देत. आत बसून मापाचं जोड लावतो, बांगडी भरत न्हाई. आन मी उंबरा सोडत न्हाई. तुझ्या आईला सांग, गुडघं न्हाईत ते.

खरं सांगू? मला भ्या विहिरीचं न्हाई, दारूचंबी न्हाई. त्येनं एकदा वाजवलं न्हाई आजपत्तूर. वरसात एकदाबी न्हाई. दर बारीला दोनदा. गेल्या पावसात त्यो आठ दिवस जेवला न्हाई, डोळं खोल गेलं हुतं, तवाबी दोनदा. बरा न्हाई हे मला दिसतंय, आन तिकडनं टक टक. का वाजवील त्यो एकदा? त्या दिशी तोंडानं म्हनला न्हवता का, मला सांगलीला ने म्हनून? मी काय दिलं त्येला? दोन झाकनं. मग मी हितं बसून दोनदा ऐकते आन मनात म्हनते, खोटं बोलतोस रं, माझ्यासाटी खोटं बोलतोस. आन त्येच्यात आता, तुला सांगते, कुनाला बोलू नगंस, दुपारचं दुकान रिकामं असलं की मलाबी कवा कवा पेट्यांतनं आवाज येतो. बारीक. हात हालवल्यावानी. मी कान झाकत न्हाई. म्हनते, त्येनं ऐकलं एवढी वर्सं, माझ्या वाट्याला थोडं येऊ दे.

नववी. ही शेवटची, धावी. डाव्या हातात धा, उजव्या हातात अकरा. झाला बघ डावा. हालव... काय वाजतंय! इकडं दे ती काठी — न्हाई, मीच घेते. आता उजवा हात म्होरं कर, त्यो जरा अवघड जाईल, कामाचा हात —

वाजलं का गं?

न्हाई न्हवं? मलाबी न्हाई आलं. हळू टेकवली आसंल मी. थांब.

... याकूब?

पोरी, मी मोठ्यानं बोलत हुते का? बांगड्या भरताना मी हळूच बोलते. पडदा हाय नुसता मदी, भित बी अर्धीच हाय. त्येनं समदं... झाकनाचं, गोळ्यांचं त्येला ठावं हुतं, पर डागदर म्हनला त्ये, थरथरीवर दुसरी गोळी असती म्हनून — त्ये मी त्येला सांगितलं न्हवतं कवा. थांब, बोलू नगंस. बांगड्या धर, हालवू नगंस हात, ऐकू दे मला.

न्हाई वाजत.

ऊठ. ऊठ तू. ठाऊक हाय मला, नवरीनं एक हात भरून एक मोकळा घिऊन मनेराच्या दारातनं जाऊ नये, चाळीस वर्सांत कुनाला तसं धाडलं न्हाई मी. आज जा. पैसं नगंत, पायाबी पडू नगंस, आईला काय सांगायचं त्ये सांग, उजवा हात दुसऱ्या कुनाकडनं —

गप.

वाजलं. ऐकलंस? परत वाजायची वाट बघ. बघ जरा. ... न्हाई. एकच. एकदाच वाजवलं त्येनं.

जा पोरी, दार लोटून जा. आले रं, याकूब. आले, आले.